बांधावरचे भाऊबंद: भाजीपाल्याचा रानटी जातींशी संकर, सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट, उत्तर सोलापूर या भागातले भाजी उत्पादक, जुळे सोलापुरात गच्चीवर बाग करणारे, कृषी पदविकेची मुलं या सगळ्यांकडून हे प्रश्न सारखे येतात. उत्तरं एका जागी असावीत म्हणून इथे लिहिली आहेत. काही प्रश्न दोन ओळींत संपतात. भेंडीचा प्रश्न संपत नाही, म्हणून तो लांबला आहे.

रानटी भाऊबंद म्हणजे कोणती झाडं? आपल्याकडे आहेत का?

माणसानं ज्या झाडांतून आपलं पीक घडवलं ती मूळ झाडं, आणि त्यांच्या कुळातली जवळची झाडं. वांग्याच्या कुळात डोरली आणि काटेरिंगणी येतात. भेंडीला रानभेंडी आहे, खरबूज आणि वाळकाला शेंदाड, दोडक्याला कडू दोडकी, कारल्याला कुंपणावर चढणारं बारीक रानकारलं, कलिंगडाला कडू इंद्रावण. बांध, ओढ्याचा काठ, रेल्वेलगतची पडीक जमीन अशा ठिकाणी नजर टाकलीत तर यातली बरीच झाडं आपल्या भागात सापडतात.

टोमॅटो, मिरची आणि बटाट्याचे भाऊबंद मात्र इथे नाहीत. ते मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या भागातले. टोमॅटोचे तर पेरू, इक्वेडोर, चिली या देशांच्या डोंगरउतारांवरचे.

सारखी दिसणारी दोन झाडं एकमेकांत संकरतात का?

दिसण्यावर जाऊ नका. काकडी आणि खरबूज एकाच कुळातले वेल, पानंही सारखी. पण काकडीत गुणसूत्रं (पेशीतले जनुकं वाहणारे धागे) १४ आणि खरबुजात २४, त्यामुळे त्यांचा संकर होत नाही. शेजारी लावल्यामुळे काकडी खरबुजासारखी झाली, असं कुणी सांगितलं तर ते खरं मानू नका. कारलं आणि कर्टोली यांचंही तसंच: एकात २२, दुसऱ्यात २८. कामोणी वांग्याच्याच कुळातली आहे, पण वांग्याशी तिचं जुळत नाही.

उलट शेंदाड आणि खरबूज ही एकाच जातीची रानटी आणि शेतातली रूपं आहेत. मधमाशी त्यांचा संकर रोज करते. रानकारलं आणि कारलं, कडू दोडकी आणि दोडका यांचंही तेच. नव्या माणसानं सुरुवात अशा जोडीपासून करावी. यश लवकर दिसतं आणि हात बसतो.

बाजारात एवढी हायब्रीड बियाणी मिळत असताना हा खटाटोप कशासाठी?

कारण त्या पाकिटातली रोगप्रतिकारशक्ती बहुतेक वेळा रानातूनच आलेली असते.

टोमॅटोच्या मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला प्रतिकार करणारं ‘एमआय’ जनुक पेरू देशातल्या एका रानटी टोमॅटोचं. १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियात पी. जी. स्मिथ यांनी तो संकर केला. फळात बी नीट धरत नव्हतं, म्हणून कोवळा भ्रूण बाहेर काढून पोषक माध्यमावर वाढवावा लागला. तशा एका रोपातून निघालेलं ते जनुक आज जगभरातल्या टोमॅटोच्या वाणांमध्ये आहे. पर्णगुच्छ म्हणजे पानं आकसणाऱ्या विषाणूरोगाला प्रतिकार करणारं ‘टीवाय-२’ जनुक दुसऱ्या एका रानटी टोमॅटोतून आपल्याच देशात, कल्लू आणि बॅनर्जी या पैदासकारांनी आणलं. त्यांचा एच-२४ हा वंश पुढे परदेशातल्या पैदासकारांनीही वापरला. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना हे माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

खरबुजाची गोष्ट उलट्या दिशेची आहे. कॅलिफोर्नियात भुरी रोगानं खरबूज बसलं, तेव्हा प्रतिकार सापडला तो भारतातून गेलेल्या बियाण्यात. त्यातून ‘पीएमआर ४५’ हा वाण १९३६ मध्ये दिला गेला.

आणि भाजी नसली तरी उसाचं सांगितल्याशिवाय सोलापुरात हे उत्तर पुरं होत नाही. कोइंबतूरला बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी जाड, गोड उसाचा काश या रानटी गवताशी संकर केला. त्यातून १९१८ मध्ये ‘को २०५’ आला. उजनीच्या पाण्यावर आज जो ऊस उभा आहे, त्याच्या वंशावळीत ते गवत आहे. कारखान्याच्या काट्यावर रोज जे वजन होतं, त्यात काशाचाही वाटा आहे.

भेंडीच्या हळद्यावर रानभेंडीतून उपाय निघतो असं ऐकलं. खरं का?

खरं आहे, आणि तो उपाय शेजारच्या मराठवाड्यातच निघाला.

हळद्या, म्हणजे काही जण ज्याला केवडा म्हणतात तो रोग, विषाणूमुळे होतो आणि पांढरी माशी तो पसरवते. आधी पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सगळं पान, शेवटी भेंडीही पिवळट आणि राठ होते. ‘पुसा सावनी’ हा वाण एके काळी या रोगात टिकायचा, पण काही वर्षांत तोही बळी पडू लागला. लागवडीतल्या भेंडीत खात्रीचा प्रतिकार मिळेना. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी पुसा सावनीचा ‘अबेलमोस्कस मॅनिहॉट’ या रानभेंडीशी संकर केला. प्रतिकार एकाच प्रभावी जनुकावर (आई किंवा बाप, एकाकडून आलं तरी गुण दाखवणाऱ्या) अवलंबून आहे, हे त्यांनी १९८१ च्या सुमारास दाखवलं. हे कळणं महत्त्वाचं होतं, कारण एकच जनुक असेल तर ते पिढ्यान्‌पिढ्या हातात धरून पुढे नेता येतं.

पुढचं काम कष्टाचं होतं. भेंडीत गुणसूत्रं साधारण १३०, त्या रानभेंडीत त्याच्या निम्म्याच्या आसपास. पहिल्या पिढीची झाडं जोमदार, पण जवळजवळ वांझ. त्यातून जे थोडं बी मिळालं ते पुन्हा पुसा सावनीशी, पुन्हा पुसा सावनीशी असं जोडत जावं लागलं. प्रत्येक पिढीत रोगाला टिकलेली झाडं ठेवायची, बाकीची उपटायची. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ‘परभणी क्रांती’ बाहेर पडली आणि महाराष्ट्रातल्या भेंडीच्या रानांचं रूप बदललं. बंगळूरच्या उद्यानविद्या संस्थेनं दुसऱ्या एका रानभेंडीपासून, ‘टेट्राफायलस’पासून, ‘अर्का अनामिका’ काढली.

आज परभणी क्रांतीवरही बऱ्याच ठिकाणी हळद्या दिसतो. वाण फसवा होता असं त्यावरून कुणी म्हणू नये. विषाणूचे अनेक प्रकार आहेत आणि तो बदलत राहतो. एका जनुकाचा पहारा कधीतरी चुकवला जातोच. म्हणून रानभेंडीकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि त्यासाठी रानभेंडी रानात शिल्लक असावी लागते.

आमच्या काळ्या रानातली पांढऱ्या-गुलाबी फुलांची रानभेंडी यासाठी चालेल का?

ती वेगळी जात. भेंडीशी संकर झाला तरी पुढची झाडं बहुधा वांझ निघतात. घरच्या प्रयोगासाठी ती निवडू नका. बांधावर मात्र राहू द्या.

संकर केला, फळ धरलं, बी पेरलं. पण झाड काटेरी आणि फळं बोराएवढी आली. काय चुकलं?

काहीच चुकलं नाही. पहिल्या पिढीत निम्मा हिस्सा रानटी असतो. काटे, लहान फळ, कडूपणा, जाड साल असे रानटी गुण पुष्कळदा वरचढ ठरतात. इथेच बहुतेक जण झाड उपटून टाकतात आणि प्रयोग संपतो. खरं काम इथून पुढे सुरू होतं.

त्या झाडाचा संकर पुन्हा आपल्या चांगल्या वाणाशी करायचा. याला प्रतीप संकर म्हणतात. रानटी हिस्सा ५० टक्क्यांवरून सरासरी २५ वर येतो, पुढच्या वेळी १२.५ वर, मग ६.२५ वर. पाच वेळा केलं की दीड टक्क्याच्या आसपास उरतो. त्या दीड टक्क्यात आपल्याला हवा तो गुण असला पाहिजे, म्हणून प्रत्येक पिढीत रोग येऊ देऊन निवड करावी लागते. फवारणी करून सगळी झाडं निरोगी ठेवलीत तर कोणतं झाड खरं ताकदीचं हे कळणारच नाही. वाफ्याच्या मधे मधे रोगाला हमखास बळी पडणाऱ्या वाणाची ओळ लावा. ती ओळ पिवळी पडली की परीक्षा नीट झाली असं समजा.

झाडं किती लावायची हा हिशेब सोपा आहे. गुण एका प्रभावी जनुकाचा असेल तर प्रतीप संकराच्या निम्म्या झाडांत तो येतो. दहा झाडं लावली तर एकातही तो नसण्याची शक्यता साधारण हजारात एक. म्हणजे गच्चीवरच्या माणसालाही हे जमण्यासारखं आहे. गुण अनेक जनुकांचा असेल, जसं उत्पादन किंवा पाण्याचा ताण सोसणं, तर दहा झाडांत काही होणार नाही. त्याला शेकडो झाडं लागतात.

एक अडचण मात्र राहते. हव्या जनुकाला चिकटून शेजारचं नको ते जनुक येतं आणि ते सुटता सुटत नाही. प्रतिकार आला की फळ लहान होतं, असा अनुभव म्हणूनच येतो. जास्त झाडं लावून दोन्ही गुण सुटे झालेलं झाड शोधणं एवढाच इलाज.

प्रत्यक्ष संकर कसा करायचा?

लागतं ते एवढंच: बारीक चिमटा, बटर पेपरच्या लहान पिशव्या, दोरा, टॅग आणि पेन्सिल. पेन वापरू नका, शाई उन्हात उडते.

भेंडीचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी ओळखायची. टोकाला पिवळसर पाकळी डोकावायला लागलेली असते. नखानं किंवा चिमट्यानं कळीचं आवरण अलगद चिरायचं, आत मधल्या खांबाभोवती चिकटलेले परागकोश खरवडून काढायचे आणि पिशवी बांधायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचं ताजं फूल आणून त्याचे पराग वरच्या कुक्षीवर (पराग धरणाऱ्या टोकावर) टेकवायचे, पुन्हा पिशवी, मग टॅगवर आई, बाप आणि तारीख.

वांग्यात फूल निवडण्यावर सगळं अवलंबून आहे. ज्याची कुक्षी परागकोशांच्या वर डोकावते तेच फूल फळ धरतं. आखूड कुक्षीची फुलं गळतात, त्यांवर वेळ घालवू नका. परागकोश टोकाच्या छिद्रातून पराग सोडतात, म्हणून ते कळी उमलण्याआधीच काढावे लागतात. टोमॅटोतही तसंच. पाकळ्या फिकट पिवळ्या असतानाच परागकोशांचा पिवळा शंकू ओढून काढायचा. गर्द पिवळं झाल्यावर उशीर झालेला असतो.

वेलवर्गीय भाज्या सगळ्यांत सोप्या, कारण नर आणि मादी फूल वेगळं असतं. मादी फुलाखाली बारकं फळ दिसतं. आदल्या संध्याकाळी दोन्ही कळ्या दोऱ्यानं बांधायच्या, सकाळी लवकर उघडून नर फूल मादी फुलावर घासायचं आणि पुन्हा बांधायचं. खरबुजाच्या बऱ्याच वाणांत मात्र फळ धरणाऱ्या फुलातही पुंकेसर असतात, ते आधी काढावे लागतात. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा तिथे वेळापत्रक उलटं.

आई शक्यतो लागवडीचं वाण ठेवा आणि बाप रानटी. काही जोड्यांत उलट दिशेनं फळच धरत नाही. टोमॅटोच्या कित्येक रानटी जाती टोमॅटोचा पराग स्वीकारत नाहीत, टोमॅटो मात्र त्यांचा स्वीकारतो.

सोलापूरच्या उन्हात हे जमतं का?

हंगाम पाहून जमतं. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या वर गेला की टोमॅटोचे पराग निकामी होतात आणि कुक्षी वाळते. टोमॅटो आणि वांग्याचे संकर दिवाळीनंतर गड्ड्याच्या जत्रेपर्यंत उरकावेत. भेंडी पावसाळ्यात घ्यावी. वेलवर्गीयांना फेब्रुवारी-मार्चची सकाळ चांगली. दुपारच्या कोरड्या वाऱ्यात बटर पेपरच्या आत फूल भाजून निघतं, म्हणून पिशवी सैल बांधा आणि आदल्या दिवशी झाडाला पाणी द्या.

सूत्रकृमीला प्रतिकारक टोमॅटो लावला, तरी उन्हाळ्यात मुळांवर गाठी आल्या. बियाणं खोटं होतं का?

तसं असेलच असं नाही. वर सांगितलेलं ‘एमआय’ जनुक जमिनीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की काम करेनासं होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन त्याच्या कितीतरी वर तापते. विक्रेत्याशी भांडण्याआधी लागवडीचा महिना पाहा. हिवाळी टोमॅटोत हेच जनुक चांगली साथ देतं. उन्हाळ्यात पाचटाचं आच्छादन घालून जमीन थंड ठेवणं, फेरपालट आणि झेंडू यांचाच आधार घ्यावा लागतो.

रानटी झाडाचं फळ चाखून पाहिलं तर चालतं का?

हे उत्तर कृपया पुरतं वाचा.

काकडी, दोडका, दुधी, भोपळा, कलिंगड यांच्या रानटी भाऊबंदांत कडू विषारी द्रव्यं असतात, त्यांना कुकुरबिटासिन म्हणतात. संकरातून आलेल्या फळात ती तितकीच तीव्र असू शकतात. शिजवून ती जात नाहीत. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत आणि त्यावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या समितीनं इशारा दिला आहे: चकती कडू लागली तर ते फळ टाकून द्या, या विषावर उतारा नाही. संकराच्या फळाची चव पाहायचीच असेल तर नखाएवढा तुकडा जिभेच्या टोकाला लावायचा आणि थुंकायचा. कडू लागलं तर तिथेच थांबायचं. लहान मुलांना त्या वाफ्यात जाऊ देऊ नका.

वांगं, टोमॅटो, बटाटा यांच्या कुळात वेगळी विषं आहेत, आणि तिथे जीभ दर वेळी सांगेलच असं नाही. अमेरिकेत ‘लेनापे’ नावाचा बटाटा १९६७ मध्ये आला. त्याच्या वंशात एक रानटी बटाटा होता. चिप्ससाठी उत्तम, रोगाला टिकणारा. पण त्यात विषारी अल्कलॉइड जास्त निघाले आणि १९७० मध्ये तो मागे घ्यावा लागला. तज्ज्ञांच्या हातूनही असं होतं. म्हणून डोरली किंवा काटेरिंगणीच्या संकराची फळं प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय घरात शिजवू नयेत आणि बाजारात तर मुळीच नेऊ नयेत. औषधात वापरतात म्हणून ती भाजी म्हणून चालते, हा समज चुकीचा आहे.

कुंपणावरच्या कडू दोडकीच्या वेलामुळे पुढच्या वर्षीचा माझा दोडका कडू झाला. असं होतं का?

होतं. यंदा मधमाशीनं कडू दोडकीचा पराग आणला, तर यंदाचं फळ नेहमीसारखंच लागतं. फरक बियात असतो, तो पुढच्या पिकात कळतो. बियाण्यासाठी ठेवायची फुलं हातानं परागित करून बांधून ठेवा.

बी पोकळ निघतं किंवा उगवतच नाही. मग?

पोकळ असेल तर भ्रूण अर्ध्यात मेला. तो वाचवायचा तर कोवळ्या फळातून काढून प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. घरी ते होत नाही. मधली एखादी जात पूल म्हणून वापरणं हा दुसरा मार्ग: रानटीचा आधी तिच्याशी संकर, मग पिकाशी.

भरीव असून उगवत नसेल तर ती सुप्तावस्था. रानटी बी एकदम उगवत नाही, कारण एकाच पावसावर भरवसा ठेवून सगळं उगवलं तर खंड पडताच वंश संपेल. रानभेंडीचं बी सँडपेपरवर हलकं घासून रात्रभर भिजवा. चार्ल्स रिक या अमेरिकन शास्त्रज्ञांनी आयुष्यभर रानटी टोमॅटो गोळा केले. गॅलापागोस बेटांवरच्या टोमॅटोचं बी त्यांच्याकडे उगवेना, ते तिथल्या महाकाय कासवांच्या पोटातून गेल्यावर उगवू लागलं. त्याच टोमॅटोतून पुढे देठाला सांधा नसलेला गुण मिळाला, आणि यंत्रानं तोडणी करणं सोपं झालं.

हे जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेलं, आहे का?

नाही. पराग आणि बीजांड यांचं हे नेहमीचंच मीलन आहे. बीटी वांग्यात जिवाणूचं जनुक प्रयोगशाळेत घातलं होतं, आणि त्याच्या लागवडीला फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारनं स्थगिती दिली.

रानवांग्यावर कलम केलेली रोपं मिळतात. तो संकरच ना?

नाही. ‘सोलॅनम टॉर्वम’ नावाच्या रानवांग्याच्या खुंटावर वांगं किंवा टोमॅटो बांधतात. मूळ रानटी, वरचं झाड तेच. जमिनीतून येणाऱ्या मर रोगाला आणि सूत्रकृमीला ही मुळं चांगली टिकतात. फळातलं बी पेरलंत तर त्यात रानवांग्याचा काहीही गुण येत नाही. ज्यांना पुढच्याच हंगामात उपाय हवा आहे त्यांनी संकराऐवजी कलमच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुष्काळात तग धरणारी भाजी यातून निघेल का?

इंद्रावण भर उन्हात हिरवं राहतं हे पाहून हा प्रश्न येतो. ते हिरवं राहतं ते खोल गेलेल्या मुळांमुळे, पानांच्या ठेवणीमुळे आणि फळ लहान ठेवल्यामुळे. यातल्या प्रत्येक गोष्टीमागे अनेक जनुकं आहेत. ती सगळी आणून वर फळ मोठं ठेवणं फार अवघड. रोगप्रतिकारासारखी झटपट अपेक्षा इथे ठेवू नका.

संकर न करता नुसत्या निवडीनं वाण काढता येत नाही का?

येतो, आणि त्याचं सगळ्यांत मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. ‘मालदांडी ३५-१’ ही ज्वारी मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेली आहे. त्यात कुठलाही संकर नाही. इतकी दशकं उलटली तरी रब्बीच्या ज्वारीत तिच्या भाकरीची चव हेच माप मानलं जातं. तुमच्या गावातल्या काटेरी वांग्यात किंवा वाळकात हवा तो गुण आधीच असेल तर रानाकडे जायची गरज नाही. आधी गावातलं बी गोळा करा, शेजारी शेजारी लावून पाहा. गुण तिथे नसेल तरच रानटी जात.

एकूण किती वर्षं लागतात?

शेंदाड आणि खरबूज अशा जवळच्या जोडीत, वर्षाला दोन पिढ्या घेतल्या तर चार-पाच वर्षांत हाती काही लागतं. दूरच्या जोडीत दहा वर्षंही कमी पडतात.

रानटी बी कुठून आणायचं? परवानगी लागते का?

स्वतःच्या बांधावरचं, गावातलं बी आपल्या प्रयोगासाठी घ्यायला अडचण नाही. झाड उपटू नका, पिकलेली थोडीच फळं घ्या आणि बाकीची तिथेच राहू द्या. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून मात्र काहीही तोडू नका, कायद्यानं ते मना आहे. परदेशी रानटी जाती नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे जतन केलेल्या आहेत आणि त्यांचं एक केंद्र अकोल्याला आहे. तिथून बी संशोधनासाठी, करारावर मिळतं. त्यामुळे शेतकरी गटानं कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी महाविद्यालयाला सोबत घेऊन मागणी करणं सोयीचं. परदेशातून पाकिटातून बी मागवू नका. त्यासोबत रोग येतात, आणि विलगीकरणाचे नियम त्यासाठीच आहेत.

वाण तयार झालाच तर तो माझ्या नावावर होतो का?

होतो. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते आणि त्यासाठी नोंदणी शुल्क लागत नाही. वाण इतरांपेक्षा वेगळा, एकसारखा आणि पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहणारा असावा लागतो. भाजीसारख्या हंगामी पिकांना संरक्षण १५ वर्षांपर्यंत मिळतं. दुसऱ्या कुणाचा नोंदलेला वाण आई म्हणून वापरून नवा वाण काढायला कायदा आडवा येत नाही. पण विक्रीचं बियाणं करण्यासाठी तोच वाण दर हंगामात आई म्हणून लागत असेल तर त्याच्या मालकाची परवानगी घ्यावी लागते. म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत आई, बाप, तारीख आणि उपटलेली झाडं यांची नोंद ठेवा. अर्ज भरताना वाणाचे आई-बाप विचारतात.